नाग नदीचे पाणी शुद्ध झाले, तर तिच्यातले जीव आपोआप परततील का?

प्रश्न – काठपाहणी, नागपूर

आमचा एक छोटा गट नाग नदीच्या काठाने फिरून तिच्या अवस्थेच्या नोंदी ठेवतो. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली या नदीसाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला असून त्याचा भर सांडपाणी वाहिन्यांवर आणि शुद्धीकरण केंद्रांवर आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) आणि विरघळलेला प्राणवायू मानकांत आला की मासे, शिंपले, चतुर हे सारे मागोमाग येतील, असे चर्चेत सर्रास गृहीत धरले जाते. जीवसमुदायांच्या सिद्धांताला हे मान्य आहे का? आणि त्या सिद्धांतातून व्यवस्थापनासाठी हाती लागण्यासारखे काही निघते, की तो शोधनिबंधांपुरताच आहे?

उत्तर – जलकीटक

हे गृहीतक जुने आहे आणि नदी-परिसंस्थांच्या अभ्यासक मार्गारेट पामर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच त्यावर बोट ठेवले होते: अधिवास दुरुस्त केला म्हणजे जीव येतीलच, असे नाही. एखाद्या ठिकाणी कोणत्या प्रजाती एकत्र नांदतील हे तीन गोष्टींवर ठरते. तिथली परिस्थिती कोणाला मानवते, तिथवर कोण पोहोचू शकते, आणि आधीपासून कोणी जागा अडवली आहे. आपले बहुतेक प्रकल्प पहिल्याच गोष्टीपाशी थांबतात. २००४ च्या सुमारास रूढ झालेली मेटाकम्युनिटीची, म्हणजे एकमेकांशी ये-जा असलेल्या समुदायांच्या जाळ्याची कल्पना दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष वेधते.

पेंच नदीच्या खळाळत्या भागातला एखादा दगड उलटून पाहिलात, तर त्याला चिकटलेल्या, चपट्या अंगाच्या मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या आणि वाळूचे कण जोडून केलेली कॅडिसफ्लाय या दुसऱ्या कीटकाची घरटी आढळण्याची शक्यता असते. शहरातल्या नाग नदीच्या काळ्या गाळात कायरोनोमस या डासासारख्या माशीच्या लालभडक अळ्या आणि ट्यूबिफेक्स कृमी यांचेच राज्य असते, कारण त्यांच्या अंगातले हिमोग्लोबिन त्यांना अत्यल्प प्राणवायूत तगवते. आता समजा, उद्या पाणी सुधारले. मेफ्लायचा प्रौढ कीटक काही तास, फार तर काही दिवस जगतो आणि तेवढ्यात त्याला जे अंतर कापता येईल तेवढेच. शिंपल्यांची गोष्ट आणखी अवघड आहे. गोड्या पाण्यातल्या बहुतेक मोठ्या शिंपल्यांच्या अळ्या माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून प्रवास करतात. म्हणजे मासा वर चढू शकला नाही, तर शिंपलाही येणार नाही. नाग नदी लावा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते आणि थोड्याच अंतरावर शहरात शिरते, त्यामुळे वरच्या अंगाने वाहत येऊन वस्ती करणारे जीव तिला फारसे मिळत नाहीत. पिवळी नदी येऊन मिळते, पण तीही शहरातूनच येते. तेव्हा पुरवठा व्हायचा तो प्रामुख्याने नाग पुढे जिला मिळते त्या कन्हान नदीकडून, प्रवाहाच्या उलट दिशेने. संगम आणि शहर यांमधला प्रत्येक बंधारा व प्रत्येक सपाट काँक्रीटचा तळ या हिशेबात मोजावा लागतो.

उत्तर – नळयोजना (निवृत्त अभियंता)

जलकीटक यांचे विवेचन आवडले, पण क्रम विसरू नये. जिथे प्राणवायूच शून्याच्या आसपास आहे, तिथे कोण कुठून येणार याची चर्चा निरर्थक आहे. शिवाय दोन अडचणी कोणी मांडलेल्या दिसत नाहीत. उन्हाळ्यात या नदीत जे वाहते ते बव्हंशी सांडपाणीच असते. ते अडवले आणि शुद्ध केलेले पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे वळवले, तर एप्रिलमध्ये नदीत उरणार काय? दुसरे, पावसाळ्यापूर्वी दरवर्षी पोकलेन लावून गाळ काढला जातो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर तो काढू नका असे म्हणण्याची हिंमत निदान मी तरी करणार नाही.

उत्तर – जलकीटक

क्रमाबद्दल पूर्ण सहमत आहे. उन्हाळ्याचा मुद्दा मात्र मला या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विदर्भातल्या लहान नद्या मुळातच हंगामी आहेत. त्यांतले जीव कोरडा काळ डोहांत काढतात, काही ओल्या गाळात दडून राहतात, काही अंड्यांच्या रूपाने तग धरतात आणि पाऊस पडताच पुन्हा पसरतात. म्हणून बारमाही वाहणारी नदी हे ध्येय ठेवण्यापेक्षा ठराविक अंतरावर उन्हाळाभर टिकणारे, सावलीचे डोह राखणे हे अधिक वास्तववादी ध्येय ठरेल. आपल्याला नदी म्हटली की ती कायम वाहतीच हवी असते. निसर्गाचा तसा आग्रह नाही.

गाळ काढू नये असे मीही म्हणत नाही. पण एकाच महिन्यात अख्खा पट्टा खरवडला, की ज्यांची पिढी काही आठवड्यांत पूर्ण होते त्या डास आणि कायरोनोमसलाच रान मोकळे मिळते आणि वर्षभराचे जीवनचक्र असलेले कीटक व शिंपले कधीच मूळ धरू शकत नाहीत. पूरधोक्याच्या अरुंद जागा दरवर्षी आणि उरलेले पट्टे आलटून-पालटून साफ केले, तर अस्पर्श राहिलेल्या पट्ट्यातून शेजारच्या पट्ट्यात जीव पसरतील.

उत्तर – वैनगंगाकाठ, भंडारा

खालच्या बाजूने दोन शब्द. नाग कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात येते. जलाशयात तिलापियासारखे संथ पाण्यातले परदेशी मासे सहज जम बसवतात, त्यामुळे उद्या नाग नदी मोकळी झाली तर सर्वांत आधी कोण वर चढेल याचा विचार आजच करावा. जो आधी येऊन बसतो, त्याला पुढे हटवणे फार कठीण जाते. समारंभपूर्वक मत्स्यबीज सोडण्याची हौसही आवरावी. कोणत्या डोहात मरळ असते आणि कुठे मांगूर, हे मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातील जाणत्या मंडळींना पक्के ठाऊक असते. त्यांना नियोजनाच्या बैठकीला बोलावल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही.

काठपाहणी, नागपूर

सर्वांचे आभार. आमच्यासारख्या हौशी गटाने नेमके काय मोजावे?

उत्तर – जलकीटक

तळातले कीटक मोजा, तेही कुळापर्यंतच (फॅमिलीपर्यंत) ओळखा. प्रजातीच्या फंदात पडू नका. अंबाझरी तलावाच्या वर, त्याच्या खाली, शहर संपल्यावर, आणि संगमाच्या आधी व नंतर कन्हानमध्ये अशा जागा कायम ठेवा. पावसाळा ओसरल्यावर एकदा आणि फेब्रुवारीत एकदा नमुने घ्या, जाळीचा आकार आणि तळ ढवळण्याचा वेळ बदलू नका. कन्हानच्या वरच्या नमुन्यात असलेली आणि पाणी सुधारूनही नाग नदीत न दिसणारी कुळे वेगळी काढा. त्यांतली उडणारी किती आणि न उडणारी किती, हे पाहिले की दोष पाण्यात आहे की वाटेत, याचा बराच अंदाज येतो: मुख्यतः न उडणारीच गैरहजर असतील, तर दोष बहुधा वाटेत. आणि नोंदवही बीओडीच्या तक्त्याला जोडूनच सादर करा, नाहीतर ती वेगळ्या फायलीत जाते.