मदत हवी आहे : लग्न न करता एकत्र राहतोय, घर सोडायचंय. डिपॉझिट आणि घरच्यांचं काय करू?

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले. लिहितेय पहिल्यांदाच, तेही नवीन आयडी काढून, कारण जुन्या आयडीवरून दोन-तीन जण मला नक्की ओळखतील.

वय २९, माहेर कराडजवळ, नोकरी पुण्यात. सव्वादोन वर्षं झाली, मी आणि माझा मित्र वाकडला एका फ्लॅटमध्ये एकत्र राहतोय. घरमालकाला साखरपुडा झालाय असं सांगितलंय. आईबाबांना वाटतं की मी ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर राहते. आई येणार असली की तो चार दिवस बाहेर आणि त्याचे शर्ट माझ्या सूटकेसमध्ये. यावर काय काय बोललं जाईल ते मला माहीत आहे. तेवढं सोडून बोललात तर उपकार होतील.

तो हात उचलतो. पहिल्या वर्षी एकदाच झालं होतं, मग मागच्या दिवाळीनंतर दोनदा, आता महिन्यातून एकदा तरी. दारू पीत नाही, पूर्ण शुद्धीत असतो. निमित्त काहीही चालतं. गेल्या आठवड्यात टीममधल्या एकाने रात्री दहाला फाइलसाठी फोन केला, तेवढं पुरलं. मला फ्रिजला टेकवून मानेला धरलं, थोडाच वेळ. फ्रिजवरचं गणपतीपुळ्याचं मॅग्नेट खाली पडून फुटलं. त्याने सोडल्यावर मी आधी काय केलं असेल, तर ते तुकडे गोळा केले, पायाला लागतील म्हणून. मग तो रडला आणि खाली जाऊन माझ्यासाठी मस्तानी घेऊन आला. रात्री साडेअकराला मस्तानी! मला गिळवतच नव्हती, तर त्यावरून पुन्हा रुसला. दुसऱ्या दिवसापासून ओढणी गुंडाळून ऑफिसला जातेय. आवाज बसलाय, सगळ्यांना सर्दी म्हणून सांगितलंय.

निघायचं हे माझं ठरलंय, त्यामुळे 'सोड त्याला' हा सल्ला नको. अडलंय ते असं. भाडेकरार दोघांच्या नावावर आहे, अजून पाच महिने बाकी आहेत. डिपॉझिटचे ९० हजार माझ्या खात्यातून गेलेत. मध्येच निघाले तर ते बुडतील का? तो म्हणतो, लग्नच झालेलं नाही तर कुठला कायदा लावणार, पोलीस हसतील तुला. हे खरं आहे का? तक्रार केली तर पोलीस घरी फोन करतात का? बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय आणि 'मी स्वतः कराडला जाऊन तुझ्या बापाला सगळं सांगेन' ही त्याची नेहमीची धमकी आहे.

पोपटी
आधी एक सांगा, हे लिहिताय तो फोन त्याच्या हाती लागतो का? व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघा, अनोळखी लॅपटॉप दिसतोय का. गूगल मॅप्सवर लोकेशन शेअरिंग चालू असेल तर निघायच्या दिवसापर्यंत तसंच राहू द्या. आज बंद केलंत तर त्याला आजच संशय येईल. आणि इथे येताना ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून या.

भाऊसाहेब
आईवडिलांना अंधारात ठेवून असे संसार थाटायचे आणि निस्तरायची वेळ आली की कायदा आठवायचा. आमच्या वेळी निदान चार वडीलधारी मंडळी मध्ये असायची.

गवतफूल
भाऊसाहेब, चार वडीलधारी मंडळी मध्ये असलेल्या लग्नांतल्या बायकाही रोज येतात आमच्याकडे. मी कॅज्युअल्टीत नर्स आहे, १४ वर्षं झाली.

धागाकर्ती, तुमच्या बाकी प्रश्नांची उत्तरं इतर लोक देतील. मी एकाच वाक्यावर अडकलेय. मानेला धरलं, मग गिळता येत नव्हतं आणि आठवडा होत आला तरी आवाज बसलेला आहे. ही सर्दी नाही. गळा दाबला की बाहेरून वळ दिसेलच असं नसतं. आतली सूज, रक्तवाहिनीला झालेली इजा नंतर त्रास देते, कधी काही तासांनी, कधी काही दिवसांनी. आज सरकारी रुग्णालयात जा. केसपेपर काढतानाच 'जोडीदाराने गळा दाबला' असं स्पष्ट सांगा, पडले-बिडले नको. एमएलसी, म्हणजे पोलीस केस म्हणून वैद्यकीय नोंद, करायला सांगा, म्हणजे पोलिसांकडे नोंद आपोआप जाते. श्वास घ्यायला त्रास, चक्कर, तोंड वाकडं होणं, नजर अंधुक होणं, यातलं काहीही झालं तर १०८.

दुसरं. थोबाडीत मारणारा आणि गळ्याला हात घालणारा यांत फरक असतो. गळ्यापर्यंत गेलेला माणूस पुढे जीव घेण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. 'थोडाच वेळ' लिहिलंय तुम्ही. किती वेळ? डोळ्यांपुढे अंधारी आली होती का?

नवी_आयडी (धागाकर्ती)
आली होती. ते मी लिहिलं नाही वर.

वकिलीण
गवतफूल यांनी सांगितलंय ते आधी करा. मग सावकाश हे वाचा.

'लग्न नाही तर कायदा नाही' हे साफ खोटं आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, जो २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे, त्यात लग्नासारख्या नात्यात एका घरात राहणारी बाईही येते. नातं 'लग्नासारखं' कधी मानायचं यावर सर्वोच्च न्यायालयाचे २०१० आणि २०१३ चे निकाल आहेत. किती काळ एकत्र राहिलात, घर एक होतं का, खर्च एकत्र होता का, लोकांपुढे जोडपं म्हणून वावरलात का, असं बघतात. २०१३ च्या प्रकरणातला पुरुष आधीच विवाहित होता, ते त्या बाईला नडलं. तुमचा तो अविवाहित आहे ना? मग सव्वादोन वर्षं आणि दोघांच्या नावाचा भाडेकरार म्हणजे तुमची बाजू चांगली आहे. घरमालकाला साखरपुड्याची थाप मारलीत, तीसुद्धा इथे उपयोगी पडेल बघा.

अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा. तुम्ही तात्पुरत्या जिथे राहायला जाल तिथल्या कोर्टातही चालतो. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत असं कायदा म्हणतो. साठ दिवसांचं काय होतं ते आमच्या बाररूममध्ये चहा पीत ऐका, पण अंतरिम आदेश लवकर मिळू शकतो. त्याने तुमच्याजवळ फिरकू नये, फोन करू नये, घरच्यांना त्रास देऊ नये, हे सगळं संरक्षण आदेशात मागता येतं. म्हणजे कराडची धमकी त्यातच घाला. आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुम्ही घर सोडताय, पण खरं तर त्यालाच बाहेर काढायचा आदेशही मागता येतो. डिपॉझिट नुकसानभरपाईच्या मागणीत लिहा, बँकेचं स्टेटमेंट जोडा. ९० हजारांसाठी एक दिवसही थांबू नका.

पूर्वीचं ४९८अ, आता भारतीय न्याय संहितेतलं कलम ८५, ते मात्र नवरा आणि सासरच्यांपुरतंच आहे. पोलीस ठाण्यात कुणी 'लग्न कुठंय' म्हणालं तर गोंधळ यातून होतोय हे समजा. मारहाण, धमकी, गळा दाबणं हे लग्न असो-नसो गुन्हेच आहेत.

वकिलाचे पैसे नसतील तर १५१०० ला फोन. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला फुकट वकील मिळतो, पगार कितीही असला तरी. जिल्ह्याला संरक्षण अधिकारी असतात, त्या डीआयआर, म्हणजे घरातल्या हिंसेचा कोर्टासाठीचा अहवाल, भरून देतात. तोही फुकट.

सोलापुरी
अगं, मी या वाटेने गेलेय, तर एकच सांगते. पोलीस नुसत्या मारहाणीची एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून वाटेला लावतात. 'गळा दाबला, डोळ्यांपुढे अंधारी आली, जीव जाईल असं वाटलं' हे शब्द तुझ्या तक्रारीत तुझ्याच तोंडचे आलेच पाहिजेत. वाचल्याशिवाय सही करायची नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेऊनच उठायचं. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर म्हण, तो कुठल्याही ठाण्यात होतो. १८१ ला फोन केलास तर सखी केंद्राचा, म्हणजे अशा बायकांसाठीच्या सरकारी मदतकेंद्राचा, पत्ता मिळेल, तिथे काही दिवस राहायचीही सोय असते.

आणि तो रडला की विरघळू नकोस. २०२२ ची, जोडीदाराने मारून टाकलेल्या वसईच्या मुलीची बातमी आठवते? तिने २०२० मध्येच पोलिसांना लिहून दिलं होतं, आणि मग मागे घेतलं होतं. मीही एकदा मागे घेतली होती तक्रार. जिवंत राहिले, हा निव्वळ नशिबाचा भाग.

नवी_आयडी (धागाकर्ती)
पाच दिवसांनी येतेय. सगळ्यांना वेगवेगळं लिहायची ताकद नाही, माफ करा.

त्याच संध्याकाळी ऑफिसातल्या मैत्रिणीला खरं सांगितलं आणि तिच्याबरोबर रुग्णालयात गेले. नाकातून कॅमेरा घालून घसा बघितला. आत सूज आहे, स्वरयंत्रापाशी काळंनिळं झालंय. गवतफूल, तुम्ही नसतात तर मी आल्याचा चहा पीत बसले असते. पोलीस तिथेच जबाब घ्यायला आले. ठाण्यात गेल्यावर पहिल्या साहेबांनी 'आपसात मिटवा, तुमचंच नाव खराब होईल' हे म्हटलंच. मैत्रिणीने गवतफूल आणि सोलापुरी यांचे प्रतिसाद मोबाइलवर उघडून ठेवले होते. मी ते बघून बघून सांगत गेले, वाक्यं चुकायला नकोत म्हणून. साडेतीन तास लागले, पण एफआयआर झाला. घरी कुणीही फोन केला नाही. माझं वय २९ आहे हे मीच विसरले होते बहुतेक.

त्या रात्रीपासून मैत्रिणीकडे आहे. दुसऱ्या दिवशी महिला पोलिसांना बरोबर घेऊन गेले आणि एक बॅग भरून आणली. तो घरात नव्हता. फ्रिजवर नवीन मॅग्नेट लावलेलं होतं, तेच गणपतीपुळ्याचं.

कराडला त्याच्याआधी मीच सांगायचं ठरवलं. ताई साताऱ्याला असते, ती जाऊन समोर बसली आणि मग मी फोन केला. बाबा फोनवर आले नाहीत, अजून बोललेले नाहीत. आई काल एसटीने आली. स्वारगेटहून रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मागच्या वेळी तुझ्या सूटकेसमध्ये शर्ट दिसले होते मला." दीड वर्ष झालं त्याला. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. तर म्हणाली, "घड्या नीट होत्या. म्हटलं, बरा असेल."

संरक्षण अधिकारी मॅडमनी डीआयआर भरून घेतला, त्याला सामानाची यादी जोडायची आहे. डिग्रीची सर्टिफिकेटं आणि पासपोर्ट लिहिलंय. वकिलीणताई, मिक्सर आणि गादी मी घेतलेली आहे, पण बिलं नाहीत. लिहू का?

वकिलीण
लिहा. मिक्सर ऑनलाइन घेतला असेल तर ॲपमध्ये जुनी ऑर्डर सापडेल, तिचा स्क्रीनशॉट लावा. गादी रोख घेतली असेल तर अंदाजे महिना-वर्ष टाका. आणि ९० हजारांची एंट्री हायलाइट करून द्या, नाहीतर बाबूला सापडणार नाही.

सोलापुरी
कुकर राहिला का तुझा तिथे? माझा राहिला होता, पाच लिटरचा. तोही लिही.