ऑगस्टमध्ये गारो हिल्स (मेघालय): जावं का? सल्ला हवा आहे

गिरिजा_पुणे

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये गुवाहाटीला नणंदेकडे जातोय. शिलाँग-चेरापुंजी आधी झालंय, म्हणून या वेळी मेघालयाचा पश्चिम भाग, म्हणजे गारो हिल्स बघायचं मनात आहे. मी, नवरा आणि सासूबाई. त्या पासष्टीच्या आहेत, चालायला खणखणीत, पण शुद्ध शाकाहारी. हाताशी पाच-सहा दिवस. सिजूची गुहा, बालपाक्राम राष्ट्रीय उद्यान, वारी चोराची घळ ही नावं वाचली आहेत. पाऊस आम्हा तिघांनाही मनापासून आवडतो. हे सगळं ऑगस्टमध्ये जमेल का? मुक्काम कुठे करावा? परमिट लागतं का? सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

डोंगरयात्री

गिरिजाताई, आधी मनापासून शाबासकी. मेघालय म्हणजे शिलाँग अशी समजूत इतकी घट्ट आहे की तुऱ्याकडे, म्हणजे गारो हिल्सच्या मुख्य शहराकडे, कुणी वळतच नाही.

तुम्ही लिहिलेल्या तीनही जागा दक्षिण गारो हिल्समध्ये आहेत आणि ऑगस्टमध्ये तीनही सोडाव्यात असं माझं स्पष्ट मत. सिजूची गुहा साडेचार किलोमीटरांहून लांब आहे आणि आतून ओढा वाहतो. हिवाळ्यातसुद्धा पाण्यातूनच आत जावं लागतं, पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. वारी चोराला खडकांच्या अरुंद घळीतून होडीने जातात. ते हिरवंगार नितळ पाणी फोटोत दिसतं ते नोव्हेंबर ते मार्चचं; पावसात तिथे गढूळ लोंढा असतो. बालपाक्रामच्या पठारापर्यंतची वाट चिखलाची. शिवाय तुऱ्याहून बाघमाऱ्याला (दक्षिण गारो हिल्सचं मुख्य गाव) जाणाऱ्या रस्त्यावर दरडी येतात.

म्हणून ऑगस्टमध्ये तुऱ्यालाच तळ ठोका. गुवाहाटीहून रस्त्याने साधारण २२० किलोमीटर, गोलपाऱ्यावरून. शेअर सुमो मिळतात, पण सासूबाई बरोबर आहेत तर पूर्ण गाडी करा आणि पहाटे निघा. मेंदीपाथरपर्यंत रेल्वेही आहे (२०१४ साली सुरू झालेलं मेघालयातलं पहिलं स्टेशन), मात्र पुढे गाडी शोधावी लागते. भारतीयांना मेघालयात परमिट लागत नाही.

तुऱ्याहून पेल्गा धबधबा आणि चोकपोट रस्त्यावरचा इमिलचांग दारे जरूर बघा. इमिलचांगला चिंचोळ्या फटीतून आलेलं पाणी एकदम रुंद होऊन खाली डोहात पडतं. पावसात हे ऐन भरात असतात, पण डोहात उतरू नका, लांबूनच बघा. तुरा शहर तसं सखल आहे, पाऊस थांबला की उकडतं. गारव्यासाठी एक मुक्काम नोक्रेकच्या बाजूला चांदिग्रेला करा.

नोक्रेकचं शिखर १४१२ मीटर, गारो हिल्समधलं सर्वांत उंच. २००९ मध्ये युनेस्कोच्या जीवावरण क्षेत्रांच्या यादीत ते आलं. तिथल्या जंगलात रानटी संत्र्याची मूळ जात आहे. गारो लोक तिला मेमांग नारांग, म्हणजे भुतांचं संत्रं म्हणतात. भारतातला एकमेव कपी (बिनशेपटीचा वानर, इंग्रजीत एप), हुलॉक गिबन, याही भागात आहे. जंगलाच्या कडेच्या सासातग्रे गावाने गिबनांसाठी स्वतःचं जंगल राखलंय. पहाटे नर-मादी एका सुरात हाका घालतात ते ऐकायलाच हवं. दिसले नाहीत तरी आवाज दरीभर घुमतो.

पानझडी

डोंगरयात्रींना पूर्ण अनुमोदन. फक्त भर घालते: जळवा भरपूर, मीठ आणि लांब मोजे ठेवा. मलेरियाचा भाग आहे, निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, विशेषतः सासूबाईंसाठी. मच्छरदाणीशिवाय झोपू नका. रोख पैसे जवळ असू द्या. रविवारी बहुतेक लोक चर्चला जातात, दुकानं बंद असतात. तो दिवस प्रवासाचा किंवा खरेदीचा धरू नका. आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा सोडाच.

गिरिजा_पुणे

दोघांचेही खूप आभार. आता खाण्याचं सांगा. सासूबाईंना वरणभात मिळाला तरी पुरे.

नर्मदाकाठ

तुऱ्यात डाळ, भात, पोळी, भाजी सहज मिळते. खरी काळजी गावातल्या मुक्कामात. नाखाम म्हणजे सुकी मासळी, ती साध्या दिसणाऱ्या भाजीतही असते. आदल्या दिवशीच सांगून ठेवा. घरची बाई वेगळी भाजी करून देते, त्यात आढेवेढे नसतात. वाफवलेला चिकट भात, मिनिल, सासूबाईंना नक्की आवडेल.

तुम्ही दोघं मांसाहारी असाल तर कापा खाल्ल्याशिवाय येऊ नका. यात तेल जवळजवळ नसतंच. कोंबडी किंवा डुकराचं मांस क्षाराच्या पाण्यात शिजवतात. पूर्वी हे पाणी केळीच्या सालींची राख गाळणीत ठेवून, वरून पाणी ओतून थेंबथेंब जमवायचे. अजून काही घरांत करतात, बाकी ठिकाणी सोडा आलाय. राखेच्या पाण्याची चव निराळी, जिभेवर किंचित खारट-तुरट रेंगाळते.

अनघा_गुवाहाटी

एक गोष्ट कळकळीने सांगते. इथलं बरंचसं जंगल सरकारी नाही, ते कुळाच्या मालकीचं आहे. त्याला आकिंग म्हणतात. मालकी बाईच्या वंशात चालते. वारस मुलगी नोकना, बहुतेक धाकटी. तिचा नवरा तिच्या घरी येऊन राहतो. गावचा नोकमा, म्हणजे प्रमुख, जमिनीचा कारभार बघतो तो बायकोच्या हक्कामुळे. त्यामुळे ओढ्याकाठी जाण्याआधी, फोटो काढण्याआधी नोकमाला किंवा घरच्या बाईला विचारा. विचारलंत की माणसं स्वतः वाट दाखवायला येतात. न विचारता रानात घुसणारे आणि प्लास्टिक टाकणारे प्रवासी वाढलेत, त्याचं इथल्या लोकांना फार वाईट वाटतं.

आणि नोव्हेंबरचा नक्की विचार करा. तुऱ्याजवळ आसानांगला शंभर ढोलांचा वानगाला, म्हणजे गारोंचा सुगीचा उत्सव, १९७६ पासून भरतो. पिकं घरात आल्यावर सूर्यदेव मिसी सालजोंगला दिलेली ही मानवंदना. दामा म्हणजे लांब निमुळता ढोल गळ्यात आडवा अडकवून पुरुष गुडघ्यात वाकत पुढे सरकतात, बायका डोक्याला पिसं खोचून ठेका धरतात, मधूनच म्हशीच्या शिंगाची तुतारी. तेव्हा सिजूही होतं, आणि बाघमाऱ्याजवळ किडे खाणारी घटपर्णीही बघता येते. फक्त साडेचारलाच अंधारून येतं, त्या हिशोबाने निघा.

गिरिजा_पुणे

वाचून सासूबाईंनीच निर्णय दिला: ऑगस्टमध्ये तुरा आणि चांदिग्रे, सिजू-बालपाक्राम पुढच्या वर्षी वानगालाला जोडून. अनघा, वानगालाच्या तारखा कधी कळतात?

अनघा_गुवाहाटी

साधारण नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. नेमक्या तारखा जाहीर झाल्यावरच विमानाचं तिकीट काढा, पण तुऱ्यातल्या खोल्या त्याआधीच फोन करून धरून ठेवा. शहर लहान आहे, त्या आठवड्यात जागा मिळत नाही.