लॉचं पहिलं वर्ष: वाचतोय भरपूर, डोक्यात काहीच राहत नाही

पहिलंवर्ष_पहिलाघोळ:
लॉच्या पहिल्या वर्षाला आहे, सिनिअर लोकांनी जरा मदत करा प्लीज. मी वाचत नाही असं नाहीये, उलट दिवसभर तेच करतो. चाळीस पानांचं जजमेंट घेऊन बसलो की चार तास कुठे जातात कळत नाही, हायलायटर फिरवून फिरवून पान पिवळंधमक होतं आणि दुसऱ्या दिवशी लेक्चरला विचारलं की यात जिंकलं कोण, तर माझं ततपप. शाळेत पाठांतरावर निभावलं, इथे ते चालत नाही एवढं कळलंय.

काल असाइनमेंट परत मिळाली. निष्काळजीपणावरचा प्रश्न होता, मी व्याख्या, इतिहास, सात केसेसची नावं असं सगळं मिळून सहा पानं लिहिली होती आणि खाली एकच ओळ, 'कायदा सांगितलास, उत्तर दिलं नाहीस.' वीसपैकी सात. म्हणजे नक्की काय करायचं होतं?? वर्गातला एक जण उठता बसता लॅटिन फेकतो, ते ऐकलं की वाटतं आपण चुकून इथे आलो. सोडून द्यावं असंही डोक्यात येतंय, घरी अजून बोललो नाहीये.

उलटतपासणी:
तिसऱ्या वर्षाला आहे, माझे पहिल्या असाइनमेंटचे मार्क तुझ्यापेक्षा कमी होते त्यामुळे सोडायचं वगैरे तूर्तास राहू दे. तो शेरा मात्र कापून भिंतीवर चिकटव, मस्करी करत नाहीये.

आधी वाचण्याचं. जजमेंट कादंबरीसारखं पहिल्या ओळीपासून वाचतोयस ना, तिथेच वेळ जातो. आधी शेवटी जा, कोण जिंकलं आणि कोर्टाने आदेश काय दिला ते बघ, मग भांडण कशावरून होतं ते बघ आणि त्यानंतर मधलं सगळं फक्त एकच प्रश्न घेऊन वाच, की हा जिंकला तो कशामुळे.

डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन तुम्हाला झालंच असेल, 1932 ची निष्काळजीपणावरची ब्रिटिश केस. बाईंनी जिंजर बिअर प्यायली, बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली, बाई आजारी पडल्या. गोगलगाय सगळ्यांच्या लक्षात राहते (गंमत म्हणजे ती खरंच होती का हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही, त्याआधीच प्रकरण मिटवलं). पण केस ज्याच्यावर उभी आहे त्या गोष्टी दोन. एक, बाटली मैत्रिणीने विकत घेतली होती म्हणजे बाईंचा कोणाशीच करार नव्हता. दुसरी, काच गडद होती, कारखान्यातून निघाल्यापासून ग्लासात ओतेपर्यंत मधे कोणी आत काय आहे ते बघूच शकत नव्हतं. म्हणून न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन म्हणाले की बनवणाऱ्याने थेट पिणाऱ्याची काळजी घ्यायला हवी. या फॅक्ट्समुळे निकाल असा लागला, याला रेशो म्हणायचं, आणि न्यायाधीश जाता जाता इतर जे बोलतात ते ऑबिटर. तुझ्या वर्गातल्या लॅटिनवाल्याला विचार एकदा की या केसचा रेशो एका वाक्यात सांग, बघ गडबडतो की नाही.

आता परीक्षेत प्रश्न कसा येईल, तर क ने दुकानातून हीटर घेतला, दुकानदाराने खोका उघडून लावून दाखवला, क ने तो ख ला भेट दिला, आतल्या वायरिंगमध्ये दोष होता आणि ख भाजला, कंपनी जबाबदार का? इथे तू निष्काळजीपणाचा इतिहास लिहायला बसलास की मेलास. लिहायचं असं की ख चा कंपनीशी करार नाही पण डोनोह्यूबाईंचाही नव्हता, त्यामुळे तेवढ्यावर कंपनी सुटत नाही. मग तो खोका. दुकानदाराने उघडला म्हणजे मधे तपासायची संधी होती असं कंपनीचा वकील म्हणणारच, पण दोष आत बंद असेल तर लावून बघून तो दिसला असता का? यावर दोन्ही बाजूंनी बोल आणि शेवटी एक बाजू घे. दीड पान पुरतं. प्रश्नात दिलेली प्रत्येक बारीक गोष्ट कशासाठी तरी टाकलेली असते, ती उत्तरात कुठेच आली नाही तर समज काहीतरी राहिलंय.

मागच्या_बाकावरची:
वरचं बरोबर आहे पण एक भर. शेवटून वाचायची सवय लागली की लोक विरोधातलं मत (निकाल न पटलेल्या न्यायाधीशांचं) वाचतच नाहीत, आणि मला तर कायदा तिथेच कळला. हीच केस 3 विरुद्ध 2 अशी लागली होती. त्या दोघांतले लॉर्ड बकमास्टर म्हणत होते की एक पाऊल पुढे टाकायचं तर पन्नास का नाही, मग जबाबदारी थांबणार कुठे? 'दोन्ही बाजू लिहा' म्हणतात तेव्हा दुसरी बाजू कुठून आणायची हा प्रश्न मला पडायचा, ती अशी आयती मिळते.

आणि हायलायटर फेकून दे बाबा, पेन घे. पान मिटायचं आणि पाच ओळी आपल्या शब्दांत लिहायच्या. नाही जमल्या तर समजलेलं नाही.

काळाकोट_धुवायचाय:
वकिली करतोय बरीच वर्षं. केसेसवर सगळे बोलले, कायद्याचं कलम कसं वाचायचं ते कोणी सांगत नाही. आधी व्याख्यांचं कलम बघायचं. तिथे 'म्हणजे' लिहिलं असेल तर साधारणपणे दार बंद, जे दिलंय तेवढंच. 'यामध्ये समाविष्ट आहे' असेल तर दार उघडं, न लिहिलेलंही आत येऊ शकतं. अख्खे खटले या एका शब्दावर लढले जातात. तसंच 'आणि' की 'किंवा' हे बोट ठेवून वाचायचं, आणि 'परंतु' दिसला की थांबायचं, कारण वर दिलेलं बरंचसं तो खाली काढून घेतो.

अजून एक, असाइनमेंटसाठी एआयकडून केसेस मागू नका. 2023 मध्ये न्यूयॉर्कला वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेल्या केसेस कोर्टात लावल्या, त्यातल्या सहा अस्तित्वातच नव्हत्या, 5000 डॉलर दंड बसला. नाव दिलंय ती केस उघडून डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहायची नाही.

पहिलंवर्ष_पहिलाघोळ:
सगळ्यांना थँक्यू, खरंच. काल रात्री तो हीटरचा प्रश्न लिहून बघितला, दीड पान म्हणालात पण माझं अडीच झालं, आणि शेवटी एक बाजू घ्यायची वेळ आली तेव्हा वीस मिनिटं नुसता बसून होतो, हात पुढे जाईना. दुकानदार आणि कंपनी दोघंही जबाबदार असं लिहिलं तर चालतं का, की ते पळवाट काढल्यासारखं वाटेल?

उलटतपासणी:
चालतं की, पण दोघांचं कारण वेगवेगळं लिही. कंपनीने दोष ठेवला, दुकानदाराने काय चूक केली ते सांग. सांगता आलं तर तो जबाबदार, नाही आलं तर त्याला सोड. अडीच पानं ठीक आहेत, सहावरून आलायस.