चार तासांच्या व्हिक्टोरियासाठी कॅनडाचा व्हिसा: हा कायदा कुणाच्या भल्याचा?

सात_रस्ता
आई-बाबा उन्हाळ्यात सोलापुरातून ताईकडे सिएटलला गेले होते. ताईनं अलास्काची सात दिवसांची क्रूझ काढली. सिएटलहून निघायचं, जुनो, स्कॅगवे, केचिकन बघून परत सिएटल. सगळी अमेरिकाच. पण शेवटच्या रात्री थांबा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला, आठ ते बारा. त्यासाठी दोघांचा कॅनडाचा व्हिसा, बोटांच्या ठशांसाठी पुण्याची खेप. बोटीतून उतरणार नसलात तरी व्हिसा पाहिजेच म्हणे. आणि बाबा त्या वेळी केबिनमध्ये घोरत होते!

मूळ आहे 1886 चा अमेरिकी कायदा. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, बोटीनं अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या बंदरात उतरवायचे नाहीत. जिथून निघाली तिथंच परत येणार असेल, तर वाटेत निदान एक परदेशी बंदर घ्यायचं. माझं मत: कधीच मोडीत काढायला हवा होता.

टेंभुर्णी_फाटा
काय बे, आपल्याकडं वेगळं काय आहे? ट्रॅव्हल्सवाल्याला कंत्राटी परवाना, टप्प्याटप्प्यावर प्रवासी घ्यायचा हक्क एसटीचा. (फाट्यावर हात केला की ट्रॅव्हल्स थांबते, ते सोडा.) नियम काढला तर एसटीनं जगायचं कसं? तसंच तिकडं.

सात_रस्ता
इथं एसटी आहे तरी. तिकडं समुद्रावर अमेरिकी झेंड्याची मोठी क्रूझ एकच, 'प्राइड ऑफ अमेरिका', हवाई बेटांत फिरणारी. एका बोटीसाठी बाकी सगळ्यांनी एन्सेनाडाला वळसा घालायचा? लॉस एंजेलिसहून हवाईला जाऊन येणाऱ्या बोटी मेक्सिकोतल्या त्या गावाला याच कायद्यापायी टेकतात.

गड्डा_यात्रा
हाच ना तो जोन्स कायदा?

टेंभुर्णी_फाटा
नाही, तो 1920 चा, मालवाहतुकीचा. हा प्रवाशांचा. सगळे गल्लत करतात.
आणि @सात_रस्ता, मोठी क्रूझ एकच असेल, पण फेरीबोटी, मिसिसिपीवरच्या पर्यटन बोटी, अलास्कातल्या छोट्या बोटी यांना कोण राखतंय? बहामा-पनामाच्या झेंड्याखाली मिळणारे पगार बघ. माझा मावसभाऊ अशाच एका बोटीवर हाउसकीपिंगला आहे. महिनोन्‌महिने सुट्टी नाही.

सात_रस्ता
मग भावाची नोकरी या कायद्यानं सुधारली का? बोट तीच, झेंडा तोच, फक्त व्हिक्टोरियाला एक चक्कर जास्त.

जुनी_मिल
दोघांनीही 2021 बघा. कोविडमुळं कॅनडानं मोठ्या क्रूझना बंदरं बंद केली आणि अलास्काचा हंगामच बुडायची वेळ आली. दुकानं, गाइड, बसवाले, सगळे क्रूझवर जगणारे. शेवटी मे महिन्यात अमेरिकी संसदेनं तात्पुरता कायदा करून कॅनडाचा थांबा माफ केला आणि जुलैत सिएटलहून बोटी सुटल्या. म्हणजे अमेरिकेनं स्वतःच्याच गावांचं पोट शेजारच्या देशाच्या बंदराला बांधलं होतं. माझं मत सात_रस्ताच्या बाजूनं.

टेंभुर्णी_फाटा
उलट गरज पडल्यावर सूट देता येते, हेच त्यातून दिसतं. आपणही परदेशी क्रूझना मुंबई-गोवा-कोचीसाठी सवलत दिलीच की. कायदा ठेवून सूट द्यावी. एकदम मोडला तर परत आणता येत नाही.

कडक_भाकरी
मतं राहू द्या, काम सांगा. पुढच्या वर्षी सासूबाईंना न्यायचंय. व्हिक्टोरिया टाळून जुनोलाच उतरून विमान धरलं तर?

सात_रस्ता
वहिनी, तसं करू नका. सिएटलला चढून जुनोला कायमचं उतरलं की कायदा मोडला. दंड माणशी 900 डॉलरच्या वर. बसतो कंपनीला, पण ती तुमच्याकडूनच वसूल करते. कॅनडातल्याच व्हँकुव्हरहून सुरू होणाऱ्या क्रूझला हे बंधन नाही, पण व्हिसा तिथंही लागतोच.

कडक_भाकरी
म्हणजे हवाईची ती एकच बोट बघायची. भाडं काय असतं?

टेंभुर्णी_फाटा
महाग. अमेरिकी पगार आहेत ना. आता बोला, सात_रस्ता.