डीएम गॅस्ट्रो की डीएम हेपॅटॉलॉजी? परत कोल्हापुरातच यायचंय

गडहिंग्लजची_पोर
एमडी मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, नीट-एसएसचा (एमडीनंतरच्या डीएम या सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा) अभ्यास चालू आहे. गॅस्ट्रो म्हणजे सगळी पचनसंस्था, हेपॅटॉलॉजी म्हणजे फक्त लिव्हर. डोक्यात लिव्हर बसलंय ते वॉर्डातल्या एका काकांमुळं. शिरोळकडचे, ऊसवाले. दर १२-१५ दिवसांनी पोट तट्ट फुगवून येतात. ६ लिटर पाणी काढायचं, अल्ब्युमिनच्या (रक्तातलं प्रथिन) दोन-तीन बाटल्या लावायच्या, घरी पाठवायचं. या खेपेला मेल्ड (लिव्हर किती बिघडलंय ते सांगणारा आकडा, जितका जास्त तितकं वाईट) २४ आला. कागदावर ‘ट्रान्सप्लांट सेंटरला दाखवणे’ लिहून दिलं. काकूंनी विचारलं, “तिथं काय करत्यात वो?” मला धड सांगता आलं नाही. तर कोणतं डीएम घेऊ? घरचे म्हणतात, दुर्बीण (एंडोस्कोपी) शिक, पोट भरंल.

रंकाळ्याचा_वारा
दोन्ही ३ वर्षांचेच. मी हेपॅटॉलॉजी केलं, आता पुण्यात असतो. सर्जन बारा-बारा तास उभा राहतो ते सगळ्यांना दिसतं. फिजिशियनचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं आणि पेशंटच्या जन्मभर पुरतं. यादीत कुणाला घ्यायचं, दारू खरंच सुटली का (हे बायकोला बाजूला घेऊन विचारायचं), लिव्हर द्यायला आलेल्या भावाच्याच लिव्हरमध्ये चरबी किती. मेल्डमध्ये बिलिरुबिन (कावीळ), आयएनआर (रक्त गोठणं), क्रिएटिनिन (किडनी), पुढच्या आवृत्त्यांत सोडियम, अल्ब्युमिन वगैरे. माणूस किती वाळलाय ते त्याला कळत नाही, मांडी हातानं चाचपावी लागते.

कोल्हापुरात बसायचं तर माझं मत गॅस्ट्रो. रक्ताच्या उलटीचं बँडिंग (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा रबरानं बांधणं) आम्हीही करतो, पण पित्तनळीतला खडा, ईआरसीपी (दुर्बिणीतून पित्तनळीवर उपचार), यावर गॅस्ट्रोवाल्याचा हात जास्त बसतो. जागा निवडताना इमारत बघू नका, वर्षाला ट्रान्सप्लांट किती होतात ते विचारा. पुढं वर्षभर ट्रान्सप्लांटची फेलोशिप करा.

काकांना मात्र उशीर झालाय. मेल्ड १५ ला किंवा पोटात पहिल्यांदा पाणी झालं तेव्हाच पाठवायला हवं होतं. घरात दाता नसेल तर पुण्याच्या झेडटीसीसीची (मृत दात्यांचे अवयव वाटणारी विभागीय समिती) यादी आहे, कोल्हापूर तिच्यातच येतं. लगेच पाठवा.

शाहूपुरीची_वहिनी
मी डॉक्टर न्हाई. आमच्या ह्यांचं ट्रान्सप्लांट होऊन ४ वर्षं झाली, लिव्हर धाकट्या दिरांचं. मागं खोकल्यासाठी इथल्या एका दवाखान्यात क्लॅरिथ्रोमायसिन दिलं. चौथ्या दिवशी हातात कप-बशी खडखडायला लागली. पुण्याला फोन लावला तर पहिला प्रश्न, “नवीन गोळी कुठली?” रक्तातलं टॅक्रोलिमस (शरीरानं नवं लिव्हर नाकारू नये म्हणून घ्यायची गोळी) दुपटीवर गेलेलं, क्रिएटिनिनही चढलेलं. गोळ्यांची यादी आम्ही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली होती वो, वाचलीच न्हाई. तुम्ही कुठलं बी डीएम करा, पण ती यादी वाचणारं माणूस इथं पायजे.

गडहिंग्लजची_पोर
वहिनी, तुमची ती गोळी वहीत लिहून ठेवली. सर, काकांना सोमवारची वेळ मिळाली. या वेळी काकूंना नीट सांगितलं: हृदय बघतात, फुप्फुस बघतात, दातसुद्धा बघतात. म्हणाल्या, “दात कशाला?” म्हटलं, नंतरच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबते, मग किडका दातही अंगावर येतो. काकांनी तिथंच तोंड उघडून दाखवलं. तंबाखूनं चार दाढा गेलेल्या.