पालेर्मो १८६०: वीस हजारांची शिबंदी असताना स्वयंसेवकांनी शहर घेतलं कसं?

दुर्गवेडा

इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीच्या, सिसिलीतल्या पालेर्मो शहरावरच्या हल्ल्याचा (२७ मे १८६०) नकाशा काढतोय. तारखा जुळतात, पण आकड्यांचं गणित काही सुटत नाही. शहरात नेपल्सच्या बुर्बाँ राजाची सुमारे २०,००० फौज, बंदरात युद्धनौका, कास्तेल्लामारे किल्ल्यावर तोफा. समोर ११ मे रोजी मार्सालाला उतरलेल्या हजारेक स्वयंसेवकांपैकी धडधाकट उरलेले साडेसातशेच्या आसपास आणि बरोबर तीनेक हजार सिसिलियन पोरं (पिच्चोत्ती). बऱ्याच पुस्तकांत ‘लोक उठले आणि शहर पडलं’ एवढ्यावर भागवलंय. फौज नेमकी कुठे होती, हे लोक कुठल्या वेशीतून घुसले आणि दारूगोळ्याचं काय केलं? आणि तोफा पिछाडीला दाखवायच्या की मध्यभागी?

काडतूस

तोफा दाखवूच नका. हल्ल्यात तोफा नव्हत्याच, आणि तुमच्या गणिताचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

गॅरिबाल्डी आधी शहराच्या दक्षिणेला पार्कोच्या उंचवट्यावर होता. २४ मे रोजी बुर्बाँ फौजेने तिथून रेटल्यावर तो पियाना देई ग्रेचीला मागे सरला. त्या संध्याकाळी त्याने तोफा, गाडे आणि आजारी माणसं आपल्या ऑर्सिनी या अधिकाऱ्याच्या हाताखाली कोर्लेओनेच्या रस्त्याने दक्षिणेला काढून दिली. स्वतः मुख्य तुकडी घेऊन काही अंतर त्याच वाटेने गेला आणि अंधारात डावीकडे रानात वळला. मारिनेओ, मिसिलमेरी करत २६ तारखेला जिबिलरोसाच्या खिंडीत, म्हणजे पालेर्मोच्या आग्नेयेला.

पाठलागावर फॉन मेखेल आणि बॉस्को हे बुर्बाँ अधिकारी होते, तीन-चार हजार माणसांनिशी. त्यांना रस्त्यावर तोफांच्या गाड्यांच्या चाकोऱ्या दिसल्या, ते तोफांमागे कोर्लेओनेला गेले. आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की त्या फौजेतले सगळ्यात पक्के शिपाई, परदेशी पलटणी, याच तुकडीत होते. शहरात बुर्बाँ सेनापती लान्झाने शत्रू पळाल्याचं जाहीरही करून टाकलं.

कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधल्याची गोष्ट कुणाला आठवली तर नवल नाही. फरक इतकाच की इथे हूल द्यायला खऱ्या तोफाच वापरल्या.

रानवाटा

काडतूस, हूल होती हे मान्य, पण ती आधीपासून आखलेली होती असं मानू नका. पार्कोहून माघार खरीच होती. तोफांचं ओझं तर आधीच नको झालं होतं. २१ च्या रात्री रेंदाहून पार्कोला येताना धो धो पावसात त्या गाड्यांवरून उतरवून माणसांनी खांद्यावरून नेल्या होत्या. पियानाला गॅरिबाल्डीने गरजेचा उपयोग करून घेतला, इतकंच म्हणता येईल. जिबिलरोसालासुद्धा आत डोंगरात सरकायचं की शहरावर जायचं यावर २६ तारखेला खल झालाच.

आता वाट. जिबिलरोसाहून खाली उतरायची ती शेळ्यांची पायवाट, दगडधोंड्यांची, रात्रीची. पुढे ट्युकरी या हंगेरियन अधिकाऱ्याची तीसेक निवडक माणसांची बिनी, तिच्यामागे पिच्चोत्ती, त्यांच्यामागे उत्तर इटलीतून आलेले मूळ स्वयंसेवक. हा क्रम चुकला असं माझं मत. वाटेत एक घोडा उधळला तेव्हाच रांगेत घबराट झाली होती. पहिली घरं दिसताच पिच्चोत्तींना वाटलं शहर आलं, त्यांनी जल्लोष केला, बार उडवले. अजून आम्मिराल्योचा जुना नॉर्मन पूल ओलांडायचा होता, आणि पुलावरचा पहारा जागा झाला. पहिल्या फैरीत पिच्चोत्ती बाजूच्या मळ्यांत पांगले. मागच्या तुकड्यांना पुढे येऊन संगिनींनी पूल घ्यावा लागला. ट्युकरी तिथेच जखमी झाला, पुढे त्यातच गेला.

गडबड न करता पुलापर्यंत पोचले असते तर वेशीपर्यंत कदाचित एकही गोळी लागली नसती. पण शिकारीच्या बंदुका घेऊन आलेल्या पोरांकडून रात्रीच्या कूचमध्ये मौन पाळून घेणं सोपं नव्हे, त्याला कवायत लागते.

नकाशात वेस ‘पोर्ता तेर्मिनी’ दाखवा. वेशीची कमान तेव्हा पाडलेली होती, आडवा मोर्चा (रस्ता अडवणारा बांध) तेवढा होता. खरा धोका वेशीच्या जरा अलीकडच्या आडव्या रस्त्यावर. एका अंगाला सांत-अंतोनिनोच्या बराकी, दुसऱ्या अंगाला समुद्रातून मारा करणारी जहाजं. पिच्चोत्ती तिथे अडकले, तेव्हा एका जेनोव्हाच्या पोराने रस्त्याच्या मधोमध इटलीचा तिरंगा लावून खुर्ची मांडली आणि बसून राहिला. तोफा वाटतं तेवढ्या लागत नाहीत हे पटवायची ही रीत. मग बाकीचे धावत पार झाले.

चौकातलाबुरूज

आत शिरणं सोपं होतं, टिकणं अवघड. नकाशावर दोनच रेघा ठळक करा: तोलेदो आणि माकेदा हे मुख्य रस्ते. दोन्ही क्वात्रो कान्ती चौकात एकमेकींना छेदतात. लान्झा पश्चिमेच्या टोकाला राजवाड्यात, किल्ला आणि बंदर पूर्वेला, आणखी फौज उत्तरेला व्हिकारिया तुरुंगाच्या बाजूला. मधला चौक गेला की वीस हजारांचे तीन-चार सुटे गठ्ठे होतात. राजवाड्याचा समुद्राशी संबंध तुटतो, म्हणजे भाकरीशीही.

हल्लेखोर पोर्ता तेर्मिनीतून थेट फिएराव्हेक्या या बाजाराच्या चौकात आले. १८४८ चा उठाव इथेच सुरू झाला होता. लोकांना गोळा करायला चर्चच्या घंटा वाजवायच्या, तर सरकारने त्यांचे लोलक आधीच काढून नेलेले. मग हातोड्यांनी ठोकल्या.

त्यानंतरचं काम दगडाचं. रस्त्याची फरसबंदी उखडून मोर्चे घातले आणि कामावर देखरेखीला समिती नेमली. घाईत माणसं गाड्या नि फर्निचरच रचतात, ते तोफेपुढे टिकत नाही. फरशीचे जाड दगड टिकतात, आणि उखडलेल्या रस्त्यावरून शत्रूचे घोडे आणि तोफांचे गाडे जाईनात, हा वरचा फायदा. स्वयंसेवकांच्या बंदुका मात्र शेवटपर्यंत रडक्याच, बहुतेक गुळगुळीत नळीच्या जुन्या. चांगल्या रायफली मिलानमध्ये अडकवून ठेवल्या होत्या. म्हणून लांबून गोळीबार करत बसायचं नाही, जवळ जाऊन संगीन चालवायची, हा मार्सालापासूनचा शिरस्ता.

दुर्गवेडा

आता चित्र बसतंय. पण राजवाड्यातून तोलेदोने सरळ खाली रेटत यायला लान्झाला काय अडचण होती?

काडतूस

छोटे हल्ले केले, पण एकवटून नाही. त्याचा भर किल्ल्यावरच्या आणि जहाजांवरच्या तोफांवर होता. शहरावरच्या तोफमाऱ्याने घरं पडली, सामान्य माणसं मेली आणि कुंपणावर बसलेले लोकही मोर्चे बांधायला उतरले. राजवाड्यात जखमी साठत गेले, अन्न संपत आलं. ३० मे रोजी लान्झाने बोलणी मागितली. बंडखोर म्हणून हिणवलेल्या माणसाला त्या पत्रात ‘महामहिम जनरल गॅरिबाल्डी’ असं संबोधलं होतं.

आणि त्याच दिवशी फॉन मेखेल परत आला! त्याच पोर्ता तेर्मिनीतून घुसून फिएराव्हेक्यापर्यंत पोचला. स्वयंसेवकांची काडतुसं संपत आलेली. लान्झाच्याच अधिकाऱ्यांनी युद्धबंदीचा हुकूम दाखवून त्याला थांबवलं.

चौकातलाबुरूज

बोलणी अॅडमिरल मंडीच्या ‘हॅनिबल’ या ब्रिटिश जहाजावर झाली. आधी २४ तासांची युद्धबंदी, मग तीन दिवसांची वाढ. या वाढीत खजिन्याची इमारत गॅरिबाल्डीच्या ताब्यात आली, आत सुमारे ५० लाख दुकाती (नेपल्सचं चलन). उसंतीच्या काळात दारू आणि काडतुसं शहरातच तयार होऊ लागली, मोर्चे आणखी पक्के झाले. ६ जूनला करार, ७ पासून फौज बाहेर, १९ जूनला शेवटचे शिपाई जहाजावर चढले.

म्हणून नकाशावर एकच तारीख घालू नका. २७ मे आत शिरल्याची, १९ जून शहर मोकळं झाल्याची. आणि आजच्या नकाशावर जुळवताना फिएराव्हेक्या ‘पियात्सा रिव्होलुत्सिओने’ या नावाने शोधा, तोलेदो ‘कोर्सो व्हित्तोरिओ एमानुएले’ म्हणून मिळेल.