मदत हवी आहे: शाळेच्या व्हॅनवरच्या बदली ड्रायव्हरची पोलिस पडताळणी

मंडळी, मुलुंडच्या आम्हा काही पालकांना जूनआधी व्हॅनच्या दोन्ही ड्रायव्हरांची चारित्र्य पडताळणी करून घ्यायची आहे. कायमच्या ड्रायव्हरचं अडत नाही. लायसन्स, बॅज, आधार, सगळीकडे नाव एकच. अडलंय ते बदली ड्रायव्हरपाशी, आणि मुलं आठवड्यातून दोन दिवस त्याच्याच हवाली असतात.

त्याच्या लायसन्सवर ‘दत्ता’, आधारवर ‘दत्तात्रय’. शिवाय मुंबईत येऊन आठच महिने झालेत, आधी सांगलीत होता. म्हणजे इथल्या पोलिस ठाण्याच्या नोंदीत काही नाही, एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. ईकोर्ट्सवर (कोर्टातल्या खटल्यांची सरकारी वेबसाइट) नावानं शोधताना वर्ष आणि स्पेलिंग बदललं की निकाल बदलतो. नाव जुळलं तरी वडिलांचं नाव आणि पत्ता पाहिल्याशिवाय तो माणूस हाच, असं धरणं अन्यायाचं. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून आहे, पण ती फक्त पोलिसांसाठी.

विचारायचंय ते असं: अर्जात दोन्ही नावं आणि दोन्ही पत्ते दिले तर सांगलीचा अहवाल इथलं ठाणं मागवतं, की तिथे वेगळा अर्ज लागतो? नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र चालतं, की लायसन्सच आधी दुरुस्त करावं? प्रमाणपत्र त्या तारखेपुरतंच बोलतं, म्हणून दरवर्षी नवं मागणारी शाळेची परिवहन समिती कुणाकडे आहे का? असेल तर त्यांच्या पत्राचा मजकूर हवाय. प्रमाणपत्रांचे फोटो मात्र कृपया इथे टाकू नका.